चौरस फूट नंतर मोजा, आधी पावले मोजा



आमच्याकडे सल्ला विचारायला येणाऱ्या तरुणांचा प्रश्न अलीकडे बदलला आहे. पूर्वी विचारत, "चाचा, माल कुठून भरावा? सोलापूरहून की इचलकरंजीहून?" आता विचारतात, "चाचा, दुकान कुठे टाकावे? जुन्या पेठेत की गावाबाहेरच्या नव्या प्लॉटिंगमध्ये?" मालाची चूक एका हंगामात भरून निघते. साडीचा रंग चालला नाही तर दोन पैसे सोडून ती विकता येते. जागेची चूक मात्र दहा-दहा वर्षे माणसाला खाते, कारण कापडाच्या ताग्यासारख्या भिंती गुंडाळून दुसरीकडे नेता येत नाहीत.

ही चूक आमच्या घराने किल्लारीत एकदा केली. त्यानंतर पंचवीसहून अधिक वर्षांनी लातुरात तीच चूक पुन्हा करण्याच्या बेतात आम्ही होतो. दोन्ही वेळचा हिशेब येथे मांडतो. ज्यांना घर किंवा दुकान घ्यायचे आहे त्यांनी तो आपल्या गावाला लावून पाहावा.

जुन्या गावातले दुकान

किल्लारी हे औसा तालुक्यातले मोठे गाव. लातूरपासून सुमारे चाळीस किलोमीटरवर, औशाहून उमरग्याकडे जाणाऱ्या वाटेवर. १९९३ पूर्वीचे गाव ज्यांनी पाहिले आहे त्यांना त्याच्या गल्ल्या आठवत असतील. दगडमातीच्या जाड भिंती, वर लाकडी तुळया, त्यांवर मातीचे जड माळवद आणि घराला लागून घर. आमचे दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. पुढे ओटा, ओट्यावर सतरंजी, सतरंजीवर तागे. अब्बा सकाळी फळ्या काढून बसत ते मगरिबपर्यंत.

आमच्या दुकानात यायचे म्हणून घरून निघणारे गिऱ्हाईक थोडे. दळणाला, पाण्याला, शाळेला, मशिदीला, देवळाला, ग्रामपंचायतीला निघालेले माणूस वाटेत आमच्या ओट्यावर टेकत असे. दळणाची पाटी खाली ठेवून बाया खण पाहत, भाव विचारत, न घेता जात. चौथ्या दिवशी त्याच बाया घ्यायला येत. त्या काळी आम्हाला हे काही विशेष वाटत नव्हते. गावच तसे होते.

आमच्या एका बाजूला लिंगायत वाण्याचे किराणा दुकान, समोर सोनार, मागच्या गल्लीत आमच्याच समाजातले पिंजारी आणि शिलाईवाले. पलीकडे मराठ्यांची घरे, त्यापुढे धनगरांची. गल्ल्या जातीजातीच्या होत्या आणि दलित वस्ती गावाच्या कडेलाच होती, हे लपविण्यात अर्थ नाही. जुन्या गावाचे गोडवे गाताना लोक एवढे विसरतात. पण गाव इतके दाट होते की कडेच्या माणसालाही आमचा ओटा चार-पाच मिनिटांवर होता. सगळ्या जातींची पावले दिवसातून एकदा तरी एकाच वाटेने जात.

या मिश्र वस्तीचा व्यापारात काय उपयोग, तो नीट समजून घ्या. रमजान ईद दरवर्षी सुमारे अकरा दिवस अलीकडे सरकते. दिवाळी मात्र खरिपाच्या पिकाच्या आसपासच येते. लग्नसराईत लिंगायत आणि मराठा घरांचे बस्ते बांधायचे, १४ एप्रिलला बौद्ध वस्तीत पांढऱ्या कापडाला मागणी, जूनमध्ये शाळेचे गणवेश, श्रावणात सणाची लुगडी. एकाच समाजाच्या वस्तीतले कापड दुकान वर्षातून दोनदा जागे होते आणि बाकीचे महिने भाडे खाते. पाच समाजांच्या वाटेवरचे दुकान बारा महिने थोडे थोडे चालते. ईद ऐन पावसाळ्यात आली, शेतकऱ्याचा हात रिकामा असला, की आमच्या समाजाची खरेदी दुकान तारून नेई. ईद दुसरीकडे सरकली की दिवाळी आणि बस्ते तारून नेत.

हीच गोष्ट उधारीची. पीक बुडाले की शेतकऱ्याची उधारी एक वर्ष पुढे जाते. त्या वर्षी मास्तर, एस.टी.चे कामगार, पगारदार माणसे रोकड देतात. पुढे किल्लारीचा सहकारी साखर कारखाना काही वर्षे बंद राहिला तेव्हा उलटे झाले. पगारावरची घरे अडचणीत आली आणि शेतकरी व मजूर यांच्यावर दुकान निभावले. सगळी उधारी एकाच प्रकारच्या गिऱ्हाइकाकडे असेल तर त्याच्याबरोबर दुकानदारही बुडतो.

२५० चौरस फूट

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती विसर्जन करून गाव उशिरा झोपले होते. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हलली. लातूर आणि त्या वेळच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात जवळपास आठ हजार माणसे गेली. त्यांत आमच्या घरची दोन होती. त्या रात्रीविषयी येथे अधिक लिहीत नाही. हे पान व्यापाराचे आहे.

पुढे जागतिक बँकेच्या कर्जातून आणि देणगीदार संस्थांच्या मदतीने पुनर्वसनाचा मोठा कार्यक्रम झाला. सर्वांत जास्त नुकसान झालेली ५२ गावे नव्या जागी वसवली गेली. किल्लारी त्यांतलीच एक. नव्या गावात घर किती मोठे मिळणार हे जमिनीवर ठरले. भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंत जमीन असलेल्याला २५० चौरस फुटांचे घर, एक ते सात हेक्टरवाल्याला ४०० चौरस फुटांचे आणि त्याहून अधिक जमीन असलेल्याला ७५० चौरस फुटांचे.

बंधूंनो, या नियमाकडे व्यापाऱ्याच्या आणि कारागिराच्या नजरेने पाहा. जमीन होती त्याला मोठे घर. पण ज्याचे शेत म्हणजे त्याचे दुकान, ज्याचे औत म्हणजे शिलाईची मशीन, त्याच्या धंद्याची कागदावर कोठे नोंदच नव्हती. कापडवाला, शिलाईवाला, पिंजारी, कल्हईवाला, सुतार हे बहुतेक सगळे एका रांगेत भूमिहीन म्हणून उभे. हजारो घरे थोड्या काळात उभारायची तर काही तरी एक माप लावावे लागते हे आम्ही मान्य करतो. पण शेतीप्रधान मुलखात माप लावणाऱ्याला कारागीर दिसत नाही, हा अनुभव आमच्या लोकांनी लक्षात ठेवावा. पुढच्या वेळी अशी यादी होईल तेव्हा आपल्या धंद्याची जागा, अवजारे आणि साठा यांची नोंद स्वतः जाऊन करून घ्यावी.

पत्र्याचे शेड आणि पक्के घर

भूकंपानंतर आम्ही सगळे पत्र्याच्या तात्पुरत्या शेडमध्ये राहत होतो. उन्हाळ्यात आत बसवत नसे. पण खरे सांगायचे तर त्या शेडमध्ये अब्बांचे दुकान चालत होते. शेड एकमेकांना लागून होते, पाण्याची जागा एक, रेशनची जागा एक, सगळ्यांची वाट एक. अब्बांनी पत्र्याच्या पेटीवर चार तागे मांडले आणि गिऱ्हाईक आले.

नंतर पक्के घर मिळाले. नवे गाव मोकळे होते. रस्ते रुंद, घराभोवती रिकामी जागा, घर वाटेपासून आत सरकलेले. अब्बांनी शुक्र अदा केला आणि घराच्या पुढच्या भागात दुकान मांडले. जागा आपली, भाडे नाही, मग बाजारात कशाला जायचे, असा सरळ हिशेब होता. आमचीही मान्यता होती. त्या वेळी आम्ही पंचवीस-सव्वीस वर्षांचे होतो.

अब्बांना रोजचे गिऱ्हाईक वहीत मांडायची सवय होती. जुन्या गावातल्या वहीत दिवसाला चाळीस-पन्नास माणसांची नोंद असे, घेणारे आणि नुसते पाहणारे मिळून. नव्या घरी ती दहा-बारावर आली. सहा महिन्यांत काही दिवशी तीन किंवा चार. पुरुष कधीमधी आले. आधी यायचे थांबले ते बायांचे. आम्हाला वाटले, कोणी आपल्याबद्दल काही बोलले काय? माल जुना झाला काय? अब्बा दोन-तीन ओळखीच्या घरी विचारायला गेले. एका म्हातारीने सांगितले, "चाचा, तुमच्याकडं यायचं म्हंजी आता गावालाच निघाल्यासारखं निघावं लागतं. उन्हात कोन येतंय?"

कोणी रुसले नव्हते. आमचे घर कोणाच्या वाटेवर राहिले नव्हते, एवढेच. जुन्या गल्लीत समोरासमोरच्या भिंतींची सावली असे, एका ओट्यावरून दुसऱ्या ओट्यावर बोलत बाई दुकानापर्यंत येई. नव्या रुंद रस्त्यावर वैशाखात सावलीला झाड नाही, बोलायला ओटा नाही. तेवढेच अंतर दुप्पट वाटते आणि इथे तर अंतरही खरोखर वाढले होते. बाईची खरेदी मग घरच्या पुरुषाच्या सायकल-मोटारसायकलवर अवलंबून राहिली. पुरुष मोटारसायकल काढतो तो थेट औशाला किंवा लातूरला जातो, आमच्याकडे येत नाही.

दुसरी गोष्ट. जेथे घरे आकाराप्रमाणे ओळीने बांधली गेली तेथे लहान घरांचा पट्टा वेगळा आणि मोठ्या घरांचा वेगळा झाला. आमच्या आजूबाजूला सगळी आमच्यासारखीच, २५० चौरस फूटवाली. ज्यांच्याकडे रोकड असे ते दूर आणि जे जवळ होते ते आमच्याइतकेच हातावर पोट असलेले.

दोन वर्षे कळ काढून शेवटी अब्बांनी आठवडी बाजाराच्या वाटेवर आठ फूट बाय दहा फुटांची एक पत्र्याची टपरी भाड्याने घेतली. शेजारी चहावाला, चप्पल दुरुस्त करणारा आणि बी-बियाण्याचे दुकान. लोक म्हणाले, "सरकारने पक्के घर दिले आणि तुम्ही टपरीत बसता?" पण वर्षभरात वहीतला आकडा तिशीवर गेला. घराच्या पुढच्या खोलीचे आम्ही गोदाम केले. त्या ८० चौरस फुटांनी २५० चौरस फुटांतल्या सात माणसांना पोसले. आज तेथे टपरी नाही, पक्के दुकान आहे आणि आमचे धाकटे भाऊ ते चालवतात.

रुंद रस्ता कोणी मागितला?

येथे एक गोष्ट न्यायाने सांगितली पाहिजे. नव्या गावचे रुंद रस्ते केवळ साहेब लोकांनी लादले, असे बोलण्याची पद्धत आहे. ते पूर्ण खरे नाही. त्या पहाटे अरुंद गल्ल्या दगडांनी भरून गेल्या होत्या. आत अडकलेल्याचा आवाज येत होता आणि बाहेरच्याला आत जायला वाट नव्हती. ज्यांनी ते पाहिले त्यांनीच पुढे म्हटले, आम्हाला पुन्हा ती गल्ली नको, ती दगडी भिंत नको. आम्हीही तेच म्हणालो होतो.

म्हणून आमचे म्हणणे "जुने ते सोने" असे नाही. जीव वाचविण्यासाठी पक्के बांधकाम आणि बाहेर पडायला मोकळी वाट लागते. पोट भरण्यासाठी जवळ-जवळ वस्ती आणि माणसांची ये-जा लागते. या दोन वेगळ्या गरजा आहेत आणि त्या एकत्र बसू शकतात. घराला कॉलम-बीम असावेत, गल्लीतून गाडी जावी आणि तरीही पिठाची गिरणी, शाळा व दुकान पाच मिनिटांवर असावे. नव्या गावांत पहिल्या गरजेकडे लक्ष गेले, दुसरीकडे गेले नाही.

गुजरातेत २६ जानेवारी २००१ रोजी भूकंप झाला तेव्हाही गावे हलविण्याचा विचार आधी पुढे आला होता. बऱ्याच गावांनी नकार दिला. तेथे बहुतेक ठिकाणी लोकांनी सरकारी मदतीचे हप्ते घेऊन जुन्या जागीच मजबूत घरे बांधली. आपल्याकडेही सर्व गावे हलली नव्हती. सुमारे २,४०० गावांत घरमालकांनी मदत घेऊन जागच्या जागी दुरुस्ती व मजबुतीकरण केले.

कच्छच्या आमच्या व्यवसायबंधूंचे एक उदाहरण तर प्रत्येक कारागिराने ऐकावे. धमडका गावचे खत्री कारागीर अजरखची छपाई करतात. या कामाला पाणी लागते आणि पाण्याचा गुण बिघडला की रंग बिघडतो. भूकंपानंतर तेथील पाण्यात लोहाचे प्रमाण वाढले. तेव्हा काही कुटुंबांनी भुजजवळ जमीन पाहून अजरखपूर नावाचे नवे गाव वसविले. काही कुटुंबे धमडक्यातच राहिली. आज दोन्ही ठिकाणी काम चालते. नवी जागा निवडताना त्यांनी आपल्या धंद्याला काय लागते ते आधी पाहिले, घराचा आकार नंतर.

यंदाचा प्रश्न

आता आमचा दुसरा प्रसंग. आमच्या मोठ्या चिरंजीवांचा रेडिमेड आणि शिलाईचा धंदा आहे. नात शाळेत जाऊ लागली आणि त्याने लातूरला बिऱ्हाड आणि दुकान हलवायचे ठरविले. दोन जागा समोर आल्या.

पहिली जागा शहराबाहेरच्या एका नव्या वसाहतीत. १,२०० चौरस फुटांचा प्लॉट, तीस फुटांचा रस्ता, सगळी वस्ती आपल्याच समाजाची, नकाशात मशिदीची जागा राखलेली. दुसरी जागा गंजगोलाईच्या मागच्या जुन्या मिश्र वस्तीत. वर तीन खोल्या, खाली १२० चौरस फुटांचे दुकान, तेही भाड्याचे आणि भाडे जबर.

घरातल्या सगळ्यांचा कल पहिल्या जागेकडे होता. आमच्या घरच्यांनी (म्हणजे चिरंजीवांच्या आईने) स्पष्ट सांगितले, "उद्या काही झालं तर आपल्या माणसांत असलेलं बरं." या वाक्याला हसण्याचे कारण नाही. त्याआधी तिसऱ्या एका भागात घर पाहायला गेलो असता मालकाने भाडे ठरविले, मग नाव विचारले आणि मग घर द्यायचे नाही असे सांगितले. ज्याला दार बंद झालेले दिसते तो आपल्या माणसांकडे वळतो, यात त्याचा दोष नाही. भीतीची किंमतही हिशेबात धरावी लागते.

पण त्या हिशेबाची दुसरी बाजूही पाहावी म्हणून आम्ही चिरंजीवांना म्हणालो, "इसार देऊ नकोस. आठ दिवस दोन्ही जागी माझ्याबरोबर चाल."

वसाहतीत आम्ही सकाळी दहा ते अकरा उभे राहिलो. एका तासात चौदा माणसे गेली, त्यांतली नऊ मोटारसायकलवर. पुरुष सकाळीच शहरात कामाला गेलेले. कोपऱ्यावर एक किराणावाला होता. त्याने आपणहून सांगितले की माल सगळा उधारीवर जातो, कारण गिऱ्हाईक सगळे आपले नात्यागोत्यातले आणि नाही म्हणता येत नाही. दवाखान्याला रिक्षा, शाळेला रिक्षा, शहरात जायला रिक्षा. नकाशातल्या मशिदीच्या जागी बाभळी होत्या.

गोलाईच्या मागे त्याच वेळी उभे राहिलो तर दोनशेनंतर मोजणे सोडून दिले. एस.टी.तून उतरून खेड्यापाड्याच्या बाया गाठोडी घेऊन चाललेल्या, हमाल, शिकवणीची मुले, आडतीवरचे मुनीम, मारवाडी, लिंगायत, मराठा, बौद्ध, आपले लोक. मशीद चार मिनिटांवर, उर्दू शाळा सात मिनिटांवर. नात पुढे एकटी चालत जाऊ शकेल, ही गोष्ट सूनबाईंनी सर्वांत आधी टिपली.

ही गर्दी आपोआप झालेली नाही. गंजगोलाई हा बाजार निजामाच्या राज्यात १९१७ साली उभा राहिला. त्याचा आराखडा फैय्याजुद्दीन या नगररचनाकाराचा. मध्ये गोल इमारत आणि देवीचे मंदिर, भोवती सोळा रस्ते येऊन मिळतात. कोणत्या रस्त्यावर सोन्याचांदीची दुकाने, कोणत्या रस्त्यावर चपला, कोठे मिरची, कोठे गूळ. खेड्यातून आलेला माणूस पायी एक फेरी मारून वर्षाचा बाजार करून जातो. शंभर वर्षांहून अधिक काळ झाला, शहराची वस्ती २०११ च्या जनगणनेत पावणेचार लाखांवर गेली, तरी तो बाजार टिकून आहे. अमेरिकेत जेन जेकब्स या लेखिकेने १९६१ साली शहरांविषयी जे मांडले ते गोलाईत डोळ्यांनी दिसते. राहणे आणि धंदा एकमेकांत मिसळलेले हवे, गल्ल्या लहान हव्यात आणि जुन्या इमारती टिकायला हव्यात. नवा धंदा काढणाऱ्याला जुन्या इमारतीचेच भाडे परवडते, असे त्या सांगत.

जुन्या वस्तीचे दोषही लिहून ठेवतो. गाडी उभी करायला जागा नाही. पावसात गटार वर येते. पाण्याचे हाल तर साऱ्या शहराचे. २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. आणि इमारतीचा प्रश्न. आधी दाखवलेली खोली स्वस्त होती, पण दगडमातीची. ती आम्ही बघताक्षणी नाकारली. किल्लारीचा मुलूख १९९३ पर्यंत भूकंपाच्या सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात धरला जात होता. २००२ च्या सुधारित नकाशात तो तिसऱ्या पट्ट्यात गेला. नकाशा बदलायला नऊ वर्षे लागली. आम्हाला एक पहाट पुरली. म्हणून कॉलम-बीमची इमारत मिळेपर्यंत थांबलो आणि ती जाणत्या इंजिनिअरला दाखवूनच घेतली.

शेवटी दुसरी जागा घेतली. पहिल्या तीन महिन्यांत दुकानाने जेमतेम भाडे काढले. चौथ्या महिन्यात लग्नसराईने हात दिला. किल्लारीकडचे जुने गिऱ्हाईक लातूरला आले की चालत दुकानापर्यंत येतात आणि "चाचा कसे आहेत?" विचारून जातात. घरच्यांची नाराजी मात्र पूर्ण गेलेली नाही. पाहुणे आले की त्या प्लॉटचा विषय निघतो आणि आम्ही गप्प बसतो. पुढे काय होईल ते अल्लाह जाणे. आम्हाला एवढे कळते की ज्या वाटेवर दहा प्रकारची माणसे रोज आपल्याला ओळखून सलाम-नमस्कार करतात, ती वाटही एक प्रकारची हिफाजत असते.

जागा पाहायला जाताना

तरुण बंधूंसाठी थोडक्यात सांगतो.

एक, जागेसमोर सकाळ, दुपार, संध्याकाळ एकेक तास उभे राहा. एक दिवस बाजाराचा घ्या, एक साधा. गाडीवरून जाणारे वेगळे मोजा आणि पायी जाणारे वेगळे. थांबते ते पायी चालणारे.

दोन, नुसती डोकी मोजू नका, प्रकार मोजा. बाया किती, शाळेची मुले किती, शेतकरी किती, पगारदार किती, कोणकोणत्या समाजाचे. मग कागदावर बारा महिने मांडा आणि कोणत्या महिन्यात कोण खरेदी करील ते लिहा. चार महिने कोरे राहिले तर जागा सोडा.

तीन, घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला घेऊन चाला. साधारण चारशे मीटर म्हणजे पाच मिनिटांची चाल. गिरणी, दवाखाना, शाळा, इबादतगाह, एस.टी.चा थांबा यांतले किती त्या अंतरात आहे ते पाहा. भर दुपारी चाला, म्हणजे सावली आहे की नाही ते कळेल.

चार, कागद पाहा. सातबारा, एन.ए. आदेश, मंजूर रेखांकन. नकाशात दाखवलेली शाळा आणि मशीद बांधलेली नसते, तिच्यापोटी भाव वाढवून देऊ नका.

पाच, प्रत्येक धंद्याला गर्दी लागत नाही. सुतार, वेल्डिंगवाला, फर्निचरवाला यांना ट्रक यायला वाट, वीज आणि आवाजाला मोकळीक लागते. त्यांनी कारखाना कडेला ठेवावा, पण ऑर्डर घेण्यासाठी बाजारात एक लहान गाळा धरावा. शिलाईवाला, कापडवाला, बांगडीवाला, चप्पलवाला यांनी मात्र वाट सोडू नये.

सहा, इमारतीवर कंजुषी करू नका. भाडे थोडे जास्त द्या, पण डोक्यावर मातीचे माळवद घेऊन झोपू नका.

अब्बा आज हयात नाहीत. त्यांची १९९६ पासूनची वही आमच्याकडे आहे. नव्या घरातल्या दुकानाच्या पानांवर तारखेपुढे कितीतरी ठिकाणी नुसते शून्य आहे. कोणाला प्लॉट घ्यायची फार घाई झाली तर आम्ही त्याला ती पाने दाखवतो आणि सांगतो की इसार देण्यापूर्वी आठ दिवस त्या गल्लीत चालून ये.